शिफारशींची मोजदाद

१८७३ साली शिकागो शहरात फ्रँक शेपर्ड नावाच्या गृहस्थाने वकिलांच्या उपयोगासाठी एक चमत्कारिक माल विक्रीस काढला. मागच्या बाजूस डिंक लावलेल्या कागदाच्या त्या छापील चिठ्ठ्या होत्या. एखाद्या न्यायनिवाड्याचा उल्लेख पुढे कोणकोणत्या निवाड्यांत झाला आहे याची नोंद त्यांवर असे, आणि वकिलाने ती चिठ्ठी आपल्या संग्रहातील निवाड्यांच्या ग्रंथात त्या त्या पानाच्या समासात चिकटवावी, अशी योजना होती. जुना निवाडा हाच नव्या वादाचा आधार मानणाऱ्या न्यायपद्धतीत, आपण ज्याचा दाखला देत आहोत तो निवाडा अद्याप जिवंत आहे की वरिष्ठ न्यायालयाने तो केव्हाच मोडीत काढला आहे, हे न पाहता युक्तिवादास उभा राहणारा वकील भर कचेरीत फजीत होई. ही फजिती टाळण्याची किंमत मोजण्यास वकीलवर्ग आनंदाने तयार झाला. पुढे या नोंदींच्या जोडीला अक्षरखुणाही आल्या, आणि नंतरच्या न्यायाधीशाने जुना निवाडा अनुसरला, त्याविषयी शंका घेतली, की तो रद्द ठरवला, हे एका अक्षरावरून कळू लागले. उल्लेख झाला एवढ्यावर शेपर्डचे दफ्तर थांबत नसे. उल्लेख कोणत्या भावाने झाला तेही ते टिपून ठेवी. हा तपशील ध्यानात ठेवावा, कारण ज्या विषयाकडे आपण वळणार आहोत त्यातील निम्मी भानगड हा तपशील गाळल्यामुळे उद्भवली.

शेपर्डच्या व्यवसायात उच्चाधिकारी राहून निवृत्त झालेल्या विल्यम अडेर यांच्याकडून ही पद्धत यूजीन गारफिल्ड या तरुण ग्रंथसूचीकाराला समजली, आणि १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याने असा प्रस्ताव मांडला की कायद्याला जे साधले ते विज्ञानालाही साधावे. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख पुढील किती निबंधांच्या तळटीपांत झाला याची सूची करावी, म्हणजे विचारांचा वंशवृक्ष डोळ्यांपुढे उभा राहील. १९६४ पासून ही सूची फिलाडेल्फियातून नियमित प्रसिद्ध होऊ लागली. कोणता विद्वान मोठा हे ठरवण्यासाठी आता त्याचे निबंध वाचण्याची तसदी घेण्याचे कारण उरले नाही, त्याच्या नावाच्या तळटीपा मोजल्या म्हणजे भागू लागले. आणि विद्यापीठांतील नेमणुका व बढत्या या मोजणीवर ठरू लागताच विद्वान मंडळी परस्परांच्या तळटीपांत परस्परांची वर्णी लावू लागली, हेही ओघानेच आले. १९७६ साली पिन्स्की आणि नारिन या दोन अभ्यासकांनी मोजणीत एक मार्मिक सुधारणा सुचवली: सर्व तळटीपा समान मानू नयेत, ज्या नियतकालिकाला स्वतःलाच प्रतिष्ठा आहे त्यातील उल्लेखाला अधिक वजन द्यावे, आणि त्या नियतकालिकाची प्रतिष्ठा तरी कशी ठरवावी, तर त्याचा उल्लेख इतर प्रतिष्ठित नियतकालिके किती करतात त्यावरून. ही व्याख्या स्वतःच्याच शेपटाभोवती फिरणारी वाटते खरी, परंतु गणितशास्त्रात तिची उकल विसाव्या शतकाच्या आरंभीच पेरोन आणि फ्रोबेनियस या जर्मन गणितज्ञांनी करून ठेवलेली होती.

एवढी पूर्वपीठिका सांगण्याचे कारण असे की, आज एखाद्या संकेतस्थळाला इतर संकेतस्थळांनी दुवे दिल्यामुळे शोधयंत्रात त्याचा क्रम वर चढतो, या ज्या गोष्टीवर जगभर एक मोठा धंदा उभा आहे, तिची जन्मकथा संगणकापासून आरंभ करून सांगण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः ती वकिलांच्या आणि ग्रंथपालांच्या घराण्यातली आहे.

१९९५ च्या डिसेंबरात अल्टाव्हिस्टा हे शोधयंत्र सुरू झाले तेव्हा त्याचा वेग आणि व्याप पाहून लोक थक्क झाले. पण ते पानांवरील शब्द पाहून उत्तर देई, आणि आपल्या पानावर कोणते शब्द किती वेळा लिहावेत हे सर्वस्वी पान लिहिणाराच्या स्वाधीन होते. त्यामुळे पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत शेकडो वेळा हवा तो शब्द लिहून ठेवण्याची युक्ती लवकरच सर्वतोमुखी झाली. नोव्हेंबर १९९७ मध्ये अशी परिस्थिती होती की चार प्रमुख व्यापारी शोधयंत्रांपैकी केवळ एकालाच त्याचे स्वतःचे नाव विचारले असता पहिल्या दहा उत्तरांत स्वतःचा पत्ता देता येत होता. कॉर्नेल विद्यापीठातील जॉन क्लाइनबर्ग याने याच सुमारास त्याहून सूक्ष्म अडचण दाखवून दिली. मोटार बनवणारे जपानी कारखाने कोणते, असे कोणी शोधू गेल्यास होंडा किंवा टोयोटा यांची पाने सापडावीत. परंतु ‘मोटार बनवणारे कारखाने’ हे शब्द त्या कंपन्या आपल्या दर्शनी पानावर कशाला लिहितील? आपण कोण आहोत हे आपल्याविषयी इतरांनी लिहिलेल्या शब्दांत सापडते; स्वतःच्या तोंडून बहुधा दुसरेच काही निघते.

स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९६ च्या सुमारास जे यंत्र रचण्यास घेतले, ज्याचे पुढे गूगल झाले, त्याचे पहिले नाव ‘बॅकरब’ असे होते, कारण प्रत्येक पानाकडे मागून येणारे दुवे शोधून काढणे हेच त्याचे मुख्य काम होते. त्यांच्या मार्गदर्शकांत आणि सहलेखकांत टेरी विनोग्राड यांच्याबरोबर जम्मूत जन्मलेले व कानपूरच्या आयआयटीत शिकलेले राजीव मोटवानी होते, आणि दोन पोरांच्या कल्पनेला गणिताचा कणा लाभला त्यात त्यांचा वाटा मोठा होता. दुव्यांवरून पानांची पत ठरवण्याच्या त्यांच्या पद्धतीचे पेटंट स्टॅनफर्डच्या मालकीचे झाले. त्याच्या परवान्याबद्दल विद्यापीठाला गूगलचे जे समभाग मिळाले ते विकून २००५ पर्यंत ३३ कोटी ६० लाख डॉलर पदरात पडले. विद्यापीठाच्या खजिनदाराला एखाद्या प्रमेयावर इतका फायदा यापूर्वी क्वचितच झाला असेल.

ही ‘पेजरँक’ पद्धत समजण्यास गणित फार लागत नाही. समजा, जगात तीनच पाने आहेत: अ, ब आणि क. अ ने ब ला आणि क ला असे दोन दुवे दिले आहेत. ब ने फक्त क ला दिला आहे. क ने फक्त अ ला. प्रत्येक पानाने आपली पत आपण दिलेल्या दुव्यांत समान वाटावी, असा नियम. अशी वाटणी पुनःपुन्हा करीत गेल्यास आकडे एका ठिकाणी स्थिरावतात: अ ला ०.४, ब ला ०.२ आणि क ला ०.४. आता गंमत पाहावी. अ ला आणि ब ला एकेकच दुवा मिळालेला आहे, तरी अ ची पत ब च्या दुप्पट. कारण अ ला क ची संपूर्ण पत लाभली, तर ब ला अ च्या पतीचा अर्धाच वाटा मिळाला. भेटेल त्याला शिफारसपत्र लिहून देणाऱ्या गृहस्थाच्या पत्राला नोकरी देणारा जितकी किंमत देतो तितकीच शंभर दुवे देणाऱ्या पानाच्या एका दुव्याला हे गणित देते, आणि उलटपक्षी, ज्याच्या शब्दाला स्वतःला वजन आहे अशाने तोलून-मापून दिलेली एक शिफारस शंभरांवर भारी पडते. प्रत्यक्षात यात आणखी एक तजवीज होती. दुव्यांवरून दुव्यांवर भटकणारा वाचक केव्हातरी कंटाळून भलतेच पान उघडील, ही शक्यता धरून पतीचा ८५ टक्के भागच दुव्यांवाटे वाहू द्यायचा आणि उरलेला सर्व पानांत सारखा वाटायचा, असे त्यांनी ठरवले. नाहीतर एकमेकांनाच दुवे देणाऱ्या चार पानांच्या कोंडाळ्यात सगळी पत साचून राहिली असती. ३२ कोटी २० लाख दुव्यांवर हे गणित सुमारे ५२ फेऱ्यांत स्थिरावले, आणि दुवे निम्मे असताना ४५ फेऱ्या लागल्या होत्या. म्हणजे महाजाल कितीही फुगले तरी हिशेब आटोक्यात राहणार होता. गूगलच्या यशाचे रहस्य माझ्या मते या शेवटच्या गोष्टीत अधिक आहे. कल्पना इतरांनाही सुचलीच होती. चीनमधील बायडूचा संस्थापक रॉबिन ली यानेही १९९६ मध्ये दुव्यांवर आधारलेली अशीच पद्धत रचली होती.

पेज आणि ब्रिन यांनी पेजरँक मांडली त्या मूळ निबंधात एक विधान असे आहे की आज ते वाचताना हसू आवरत नाही. व्यापारी हितसंबंधांनी या पद्धतीत ढवळाढवळ करणे जवळजवळ अशक्य आहे, असे सांगून कर्ते पुढे म्हणतात की फार तर कोणी महत्त्वाच्या स्थळांवरील दुवे विकत घेईल, परंतु त्याला पैसे पडत असल्यामुळे तो प्रकार आवाक्यात राहील. पैसे पडतात म्हणून माणसे थांबतात, हा निष्कर्ष विद्यार्थीदशेतच काढता येतो.

दुव्याबरोबर आणखी एक ऐवज येई. ज्या शब्दांवर बोट ठेवून दुवा दिलेला असतो, ज्यांना या धंद्यातले लोक ‘अँकर टेक्स्ट’ म्हणतात, ते शब्द गूगल ज्याला दुवा दिला त्या पानाच्या खात्यावर जमा करी. होंडा-टोयोटाच्या अडचणीवर हा रामबाण उपाय होता; पण औषधाचे चमत्कारिक परिणामही लवकरच दिसले. ‘येथे क्लिक करा’ असे इंग्रजीत शोधले असता अनेक वर्षे अॅडोबी रीडर उतरवून घेण्याचे पान अग्रस्थानी येत असे. त्या पानावर तसे काही लिहिलेले होते म्हणून नव्हे, तर जगातील असंख्य लोकांनी त्याच दोन शब्दांनी त्याच्याकडे बोट दाखवले होते म्हणून. २००३ मध्ये काही टवाळखोरांनी ठरवून ‘घोर अपयश’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या अधिकृत चरित्रपानाचा दुवा लावला, आणि थोड्याच अवधीत ते शब्द शोधणाऱ्याला व्हाइट हाऊसचे दर्शन होऊ लागले. प्रतिपक्षाने जिमी कार्टर आणि मायकेल मूर यांना त्याच पंगतीत आणून बसवले. गूगलने या प्रकाराचा बंदोबस्त केला तो २००७ च्या जानेवारीत.

आता शेपर्डच्या अक्षरखुणांकडे वळू. दुव्याला भाव नसतो. मी एखाद्या ग्रंथाची स्तुती करून दुवा दिला काय आणि त्याचे वाभाडे काढून दिला काय, मोजणाऱ्याच्या वहीत दोन्ही नोंदी एकाच रकान्यात पडत. २०१० च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने ब्रुकलिनमधील एका चष्मेविक्रेत्याची हकीकत छापली. हा इसम गिऱ्हाइकांना फसवी, धमकावी, आणि वर बढाई मारी की लोक महाजालावर माझ्याविरुद्ध जितक्या तक्रारी लिहितात तितका मी शोधयंत्रात वर चढतो. गूगलने काही दिवसांतच आपल्या पद्धतीत दुरुस्ती केल्याचे जाहीर केले, व तक्रारींच्या स्थळांवरील पुष्कळसे दुवे हिशेबात धरलेच जात नसल्याचा खुलासाही केला. त्या इसमाला पुढे न्यायालयाने तुरुंगात पाठवले. मला मात्र त्याच्या बढाईत यंत्राचे खरे वर्म दिसते: सांख्यिकीला निंदा आणि स्तुती यांतला फरक शिकवावा लागतो. त्या दिशेने एक पाऊल पूर्वीच पडले होते: २००५ च्या जानेवारीत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ‘नो-फॉलो’ ही खूण प्रचारात आणली. तिचा अर्थ एवढाच की हा दुवा मी दिला आहे, परंतु याची हमी माझ्याकडे मागू नये. इंग्रजी विकिपीडियाने २००७ मध्ये आपल्या सर्व बाह्य दुव्यांवर ती लावली. २०१९ मध्ये पैसे घेऊन दिलेल्या आणि वाचकांनी लिहिलेल्या दुव्यांसाठी आणखी दोन खुणा आल्या. शेपर्डला जे काही दशकांत सुचले तेथवर पोहोचायला यंत्रयुगालाही वेळ लागलाच.

बाजार कसा भरतो याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेतील जे. सी. पेनी या जुन्या वस्त्रभांडाराचा आहे. २०१० च्या नाताळच्या खरेदीच्या मोसमात पोशाख म्हणा, पलंगपोस म्हणा, गालिचे म्हणा, काहीही शोधले तरी हे भांडार पहिल्या क्रमांकावर हजर असे. न्यूयॉर्क टाइम्सनेच तज्ज्ञाकरवी तपास केला तेव्हा पोशाखांच्या निरनिराळ्या नावांवर पेनीकडे बोट दाखवणारे दुवे दोन हजारांहून अधिक पानांवर आढळले, आणि ती पाने घोरणे, दंतवैद्यक, मासेमारी, स्नानगृहातील फरश्या अशा विषयांना वाहिलेली होती. पुष्कळशी तर ओसाड पडलेली. घोरण्यावर उपाय शोधणाऱ्याने मध्येच सायंकाळच्या पोशाखाची शिफारस का करावी, हा प्रश्न यंत्राला पडला नव्हता. गूगलने हाताने शिक्षा फर्मावली त्या रात्री, सात वाजता प्रवासी बॅगांच्या एका शोधात पहिला असलेला पेनीचा क्रम नऊ वाजता एकाहत्तरावा झाला. आपल्याला यातील काही ठाऊक नव्हते, असे सांगून कंपनीने हे काम पाहणाऱ्या मध्यस्थाला बडतर्फ केले. १२ फेब्रुवारी २०११ रोजी ही हकीकत प्रसिद्ध झाली, आणि शिक्षा सुमारे तीन महिने चालली.

परंतु अशी शिक्षा देण्याचा अधिकार गूगलला कोणी दिला? हा प्रश्न ओक्लाहोमातील न्यायालयात त्यापूर्वीच उपस्थित झाला होता. सर्चकिंग नावाची कंपनी, ज्या स्थळांची पत गूगलच्या मापाने उंच आहे त्यांवर जाहिरातीचे दुवे मिळवून देण्याची दलाली करीत असे. गूगलने तिचीच पत उतरवली, तेव्हा तिने २००२ मध्ये दावा ठोकला. मे २००३ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळताना असे ठरवले की, गूगलने हे जाणूनबुजून केले असले तरी पेजरँक हे गूगलचे मत आहे, आणि मतस्वातंत्र्याला संविधानाचे संरक्षण आहे. हा निवाडा मला या साऱ्या इतिहासातील मर्मस्थान वाटतो. जगाच्या मतांची निव्वळ टाचणे ठेवणारा कारकून म्हणून जे यंत्र जन्मास आले, ते थोड्याच वर्षांत कचेरीत उभे राहून सांगू लागले की हे जगाचे नव्हे, माझे मत आहे. आणि न्यायाधीशांनी त्यास मान डोलावली. कारकुनाला हा मान लोकांच्याच लबाडीमुळे मिळाला, हेही खरे. साक्षी विकत मिळू लागल्या की कोणाला तरी साक्षीदार पारखावे लागतात, आणि जो पारखतो तो मोजणारा राहत नाही.

२४ एप्रिल २०१२ रोजी ‘पेंग्विन’ या निरुपद्रवी पक्ष्याच्या नावाने जी सुधारणा आली तिने ही पारख यंत्रवत केली. इंग्रजीतील सुमारे तीन टक्के शोधांवर तिचा परिणाम होईल, असे गूगलने जाहीर केले होते. त्यानंतर जो देखावा दिसला तो प्रहसनात शोभावा असा होता. काल ज्या दुव्यांसाठी पैसे मोजले तेच काढून टाका, म्हणून धंदेवाले लोक अनोळखी स्थळांच्या मालकांना विनवण्या करू लागले, आणि काही मालक दुवा काढण्याचेही पैसे मागू लागले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गूगलने नको असलेले दुवे नाकारण्याची सोय करून दिली, म्हणजे आपल्या बाजूने उभे केलेले साक्षीदार स्वतःच खोटे ठरवण्याचा अर्ज. २०१३ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमधील इंटरफ्लोरा ही फुले पोचवणारी प्रसिद्ध पेढी काही दिवस स्वतःच्या नावानेही गूगलमध्ये सापडेना. स्थानिक वृत्तपत्रांतून तिने छापवलेले जाहिरातवजा लेख व त्यांतील दुवे, हे अभ्यासकांनी त्याचे कारण सांगितले.

बाजार यामुळे उठला असे नाही. त्याने जागा बदलली. आजही कोणी जरा बऱ्यापैकी संकेतस्थळ चालवत असेल तर ‘गेस्ट पोस्ट’ छापण्याची विनंती करणारी पत्रे त्याच्याकडे येतच असतात, आणि त्यांतील बरीच आपल्याच देशातील धडपड्या तरुणांनी लिहिलेली असतात: लेख आम्ही देऊ, त्यात एक ‘डू-फॉलो’ दुवा असेल, आपला दर कळवावा. या व्यवहारात पत मोजण्यासाठी जे ‘डीए’ व ‘डीआर’ हे आकडे वापरतात ते खासगी कंपन्यांनी काढलेले आहेत, गूगलचे नव्हेत. गूगलने आपले आकडे दाखवणे २०१६ मध्ये बंद केले, आणि बाजारात ही खासगी वजनमापेच रूढ राहिली. याहून विलक्षण प्रकार मृत स्थळांचा. एखादी संस्था बंद पडते, तिच्या पत्त्याचे नूतनीकरण होत नाही, परंतु तिला वर्षानुवर्षे मिळालेले प्रामाणिक दुवे तसेच राहतात. मग कोणी तो पत्ता विकत घेऊन त्या पुण्याईवर आपले दुकान थाटतो. मार्च २०२४ मध्ये गूगलने या प्रकाराला मनाई करणारा नियम केला. त्यात दिलेल्या उदाहरणांपैकी एक, पूर्वी प्राथमिक शाळेच्या असलेल्या पत्त्यावर चाललेल्या जुगाराच्या अड्ड्याचे आहे.

दुव्यांचे राज्य आता पूर्वीसारखे निरंकुश राहिलेले नाही. २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयात मक्तेदारीचा खटला चालला, तेव्हा गूगलच्या शोधविभागाचे उपाध्यक्ष पांडू नायक यांच्या साक्षीतून उघड झाले की, लोक कोणत्या उत्तरावर क्लिक करतात याची मागील तेरा महिन्यांची नोंद क्रम ठरवताना वापरली जाते. आपण साक्ष देत आहोत याचा ज्याला पत्ताच नाही असा साक्षीदार अशा रीतीने कामावर घेतला गेला आहे. तरी नव्या पानाला, ज्यावर अद्याप कोणी क्लिक केलेलेच नाही, आरंभी ओळख मिळवून देण्याचे काम दुवाच करतो.

मराठीपुरते पाहिले तर येथील दुष्काळ निराळ्या कारणांचा आहे. कितीतरी वर्षे मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे ज्या खासगी टंकांत होती त्यांतील अक्षरे शोधयंत्राला निरर्थक रोमन चिन्हांसारखी दिसत, त्यामुळे तो काळ हिशेबातून जवळजवळ वजाच झाला. युनिकोड रुळले तोवर मराठी वाचक चर्चेसाठी फेसबुकवर आणि व्हॉट्सअॅपवर जाऊन बसला होता. एखादा उत्तम लेख तेथे हजारो हातांतून फिरतो, बहुधा लेखकाचे नाव गळून. पण खासगी निरोपांतील ही शिफारस शोधयंत्राच्या दप्तरी दाखल होत नाही. त्यात जुनी स्थळे नवी रचना करताना जुने पत्ते मोडतात, आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वाट लावून देत नाहीत, तेव्हा मिळालेले थोडे दुवेही वाया जातात. पाने मोजकी आणि दुवे त्याहून मोजके असल्यामुळे मराठीत दोन-चार बऱ्या स्थळांनी दिलेले दुवेही क्रम हलवू शकतात, ज्यासाठी इंग्रजीत शेकडो लागतील. याचा फायदा अभ्यासकांपेक्षा चलाख मंडळींनी आधी ओळखला. शासकीय योजनेचे नाव मराठीत शोधून पाहावे: पात्रता, कागदपत्रे, अर्जाची पद्धत सांगणारी खासगी पाने रांगेने पुढे येतात, परस्परांना दुवे देणारी आणि जाहिरातींनी भरलेली. ज्याच्या आधारावर ती लिहिली गेली तो शासननिर्णय पीडीएफच्या रूपाने मंत्रालयाच्या दप्तरात असतो, पुष्कळदा नुसत्या छायाप्रतीत, आणि त्याचा दुवा देण्याचे त्यांतल्या बहुतेकांना सुचलेले नसते.